सटवाजींचा डोळा आणि दोन उंदीर

राणीसावरगावच्या सटवाजींनी उभ्या आयुष्यात चारशेच्या वर बैल पारखून दिले आणि एकाच बैलापायी त्यांचं नाव बुडालं. गावाचं असंच असतं, काय करता. चारशे कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, एक मात्र पोराटोरांनाही पाठ होतो.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या दत्तासाठी त्यांनी बाजारात पांढराशुभ्र, डौलदार शिंगांचा एक बैल पसंत केला. महिन्याच्या आत तो मागच्या पायानं लंगडायला लागला. मारुतीच्या पारावर दत्ता सगळ्यांदेखत म्हणाला, "मामाचा डोळा गेला आता." त्या दिवसापासून सटवाजींना कुणी बैलबाजारात बोलावलं नाही. सटवाजींनीही पोळ्याला वेशीत जायचं बंद केलं. घरातले म्हणत, वय झालं, गुडघे दुखतात. गुडघे कसले दुखतात! मन दुखत होतं, आणि त्याला चोळायला तेल मिळत नाही.

अशात परभणीला खोली घेऊन बीएस्सी करणाऱ्या नातीचा, सृष्टीचा फोन आला. "आबा, मला उंदीर पाळायचेत. निवडायला तुमी या."

"लोक उंदरांना औषध घालायलेत, आन् तू पाळायलीस व्हय माय?"

"हे दुकानात मिळतेत, माणसाळतेत. माझ्या मैत्रिणीनं नुसतं रूप बघून एक आणला, तो आठ दिवसांत गेला. मला तसं न्हाई करायचं. तुमी बैल बघता ना, तसं बघा."

'तुमी बघा' हे शब्द दोन वर्षांत त्यांना कुणी म्हटले नव्हते. सून राजेश्री तोंडाला पदर लावून हसली, "मामंजी बैलावरनं उंदरावर आले म्हणायचे!" हसू दे. सटवाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, खांद्यावर उपरणं टाकलं आणि सकाळची बस धरली. वाटभर एकच घोर होता. आपण निवडलेला उंदीरही आठ दिवसांत गेला, तर त्यांच्या डोळ्यावर विश्वास असलेलं शेवटचं माणूसही गेलं.

दुकानदार महारुद्र म्हणजे तोंडाचा गोड तरणा गडी. मासे, पोपट आणि एका पिंजऱ्यात डझनभर उंदीर, असा त्याचा पसारा. त्यानं त्यातला निळसर राखाडी, रेशमासारखा एक उंदीर काढून काउंटरवर ठेवला. "आजोबा, याला लय मागणी हाय. शांत किती हाय बघा. सोबत ही मादी घ्या, जोडी होती."

सृष्टी तर बघतच राहिली. खरं सांगायचं तर सटवाजींचाही जीव जडला. काय तो रंग, काय ती झळाळी! आणि तिथंच त्यांना तो पांढरा बैल आठवला.

एक गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी बाजारात गर्दी जमली होती, जो तो म्हणत होता, 'बोला मामा, बोला.' सटवाजी शिंगांवर भाळले, कौतुकानं फुगले आणि बैल चालवून न बघताच त्यांनी मान डोलावली. चारशे बैल चालवून घेतले, तो एक उभ्याउभ्या घेतला. डोळा गेलाच नव्हता. पण हे पारावर जाऊन सांगायचं कसं? त्यापेक्षा डोळा गेला म्हणवून घेणं सोपं होतं.

"चालव," सटवाजी म्हणाले.

"काय चालवू?"

"उंदीर चालव, दुसरं काय!" त्यांनी काउंटरवर उपरणं अंथरलं. राखाडी महाराज अंग फुगवून बसले ते बसलेच. "ह्यो शांत न्हाई, सुस्त हाय," असं म्हणत सटवाजींनी तो तळहातावर घेतला आणि बैलाच्या बरगडीला लावावा तसा कान लावला. श्वासागणिक आत बारीक कटकट ऐकू येत होती. उपरण्याच्या टोकानं नाक पुसलं, तर तांबडा डाग उमटला.

"रंगच तसा हाय त्याचा," महारुद्र म्हणाला.

"रंग पुसून येतो व्हय रे?"

मग त्यांनी पिंजऱ्यात हात घातला आणि तसाच ठेवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. महारुद्र जांभया देऊ लागला. शेवटी दोन काळेपांढरे उंदीर पुढं आले. एकाचा कान थोडा फाटलेला, रूप म्हणाल तर बेताचंच. त्यांनी बोटं हुंगली आणि सरळ सदऱ्याच्या बाहीवर चढले. उपरण्यावर सोडले तर मिशा हलवत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आले. सटवाजींनी कान लावला. छाती स्वच्छ होती.

"एका वेताचे हायेत ना? एकमेकांवर झोपतेत, मी बघायलोय मघापासून. हेच दे."

"दोन्ही नर हायेत की आजोबा. एक मादी घ्या."

"औताला बैलासंगं गाय जुपतोस का तू? महिन्याभरात पिलांनी खोली भरंल. पोरीनं परीक्षा द्यायची का उंदरांची बाळंतपणं करायची?"

सृष्टीनं राखाडीकडं एकदा शेवटचं पाहिलं. "आबा, नक्की ना?"

तो प्रश्न त्यांना लागला. पण ते म्हणाले, "नक्की." आवाज असा ठाम निघाला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पुढं रोज सकाळी फोन. खातेत का, पळतेत का, श्वास कसा हाय? राजेश्री म्हणायची, एवढी चौकशी तर माझ्या बाळंतपणातही झाली नव्हती. नवव्या दिवशी सृष्टीचाच फोन आला. तो राखाडी उंदीर तिच्या शेजारच्या खोलीतल्या पिंकीनं नेला होता. आता त्याला धाप लागली म्हणून दोघी जनावरांच्या डॉक्टरकडं गेल्या होत्या. त्याची छाती भरलेली निघाली. औषधांवर तगेल म्हणाले, पण आयुष्यभर जपावं लागणार. सोबत तपासायला नेलेले सृष्टीचे दोन्ही मात्र ठणठणीत. डॉक्टरनं विचारलं, "हे निवडले कुणी?"

"आमच्या आबांनी," ती म्हणाली, "कान लावून."

सटवाजींनी फोन ठेवला आणि पोटभर हसले. दोन वर्षांचं हसू साठलं होतं ते. आता पोरगी गप्प बसते होय? तिनं दुकानात मोबाइलवर सगळं टिपलं होतं. दिवस मावळायच्या आत गावातल्या फोनाफोनांत सटवाजी उंदराला कान लावून उभे.

पोळ्याला सृष्टी पिंजरा घेऊन गावी आली. सटवाजींनी पिंजऱ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, दोघांना पुरणपोळीचा तुकडा चारला, स्वतः फेटा बांधला आणि दोन वर्षांनी पिंजरा घेऊन वेशीत जाऊन उभे राहिले. लोक खदखदा हसले. फाटक्या कानाचा पिंजऱ्यातून निघून फेट्यावर चढून बसला, तेव्हा तर बायकांचीही हसून पुरेवाट झाली. सटवाजी ताठ उभे होते.

तेवढ्यात दत्ता आपला तो पांढरा बैल घेऊन पुढं आला. "मामा, व्हिडिओ बघितला. पुढल्या बाजारी गोऱ्हा घ्यायचाय मला. येता का?"

दत्ताला चार शब्द सुनावायला याहून चांगली वेळ आली नसती.

"येतो," सटवाजी म्हणाले. "पन आदी ऐक. तुजा बैल मी चालवून बघितला नव्हता. शिंगांवर भाळलो. डोळा गेला न्हवता दत्ता, चूक माजी व्हती."

दत्तानं हातातला कासरा त्यांच्यापुढं धरला. "मग आज ह्यो तुमीच चालवा."

सटवाजींनी कासरा घेतला. हलगी वाजायला लागली, वेशीवरचं तोरण डोक्यावर आलं. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं, आणि ते मात्र बैलाचे मागचे पाय बघत चालले होते.