रुईचा बोळा

माझा स्वभाव संशयी, हे मी कबूल करतो. भाजीवाल्याचा काटा मी दोनदा पाहतो. पण आपल्याच घरात पाणी मुरून राहिलं असं वाटायला लागलं, तेव्हा मला जेवण गोड लागेना.

सौंसरच्या जिनिंगमध्ये मी वीस वर्षांपासून मशिनी सांभाळतो. सरकी एकीकडे, रुई एकीकडे, अन् दिवसभर असा खडखडाट की बाजूचा माणूस हातवारे करून बोलतो. आमचा सगळ्यांचा उपाय एकच. ढिगातून चिमूटभर रुई घ्यायची, बोळा करायचा अन् कानात कोंबायचा. रुईत राहणाऱ्यानं कानासाठी दुसरं काय विकत आणायचं? कान ठणकला तर लसणाचं कोमट तेल. नाकात तंतू जाऊन बारमाही पडसं, तर जोर लावून शिंकरायचं. साहेब काही बोलले की मान हलवायची. काम चालून जायचं.

तर घरात बायको अन् मुलगी कुजबुजायला लागल्या. मुलगी शाळेत शिकवते, लग्नाची आहे. मी आत गेलो की दोघींचे ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. बायको माझ्याकडं पाहून काहीतरी पुटपुटायची. दहादा 'काय' म्हणायची लाज वाटे, मग मी मान हलवून बाहेर यायचो. मनात म्हणायचो, शिजवा काय शिजवायचं ते.

एक दिवस शेजारच्या बुढ्यानं माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं, "मोहगावचं स्थळ चांगलं हाये म्हन्ते पोरीसाठी."

माझं डोकंच फिरलं. शेजाऱ्याला माहीत अन् बापाला नाही. ज्या पोरीला रोज सायकलवर शाळेत सोडलं, तिनं माझ्या पाठीमागं लग्न ठरवावं? फार लागलं मनाला. महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. ती ताट वाढायची, मी भिंतीकडं पाहून जेवायचो.

शेवटी शनिवारी बायकोला जामसांवलीला नेलं. मारुतीसमोर ती खोटं बोलणार नाही, हा माझा हिशोब. रांगेत उभं करून विचारलं, "सांग, माह्यापासून काय लपवून राहिल्या तुमी मायलेकी?"

तिचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. पण रांगेतली पुढची सगळी माणसं वळून आमच्याकडं पाहायला लागली. एका बाईनं तर तोंडाला पदर लावला.

तेव्हा पहिल्यांदा माझा संशय माझ्यावरच गेला.

सोमवारी बायकोला घेऊन पांढुर्ण्याला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं डाव्या कानातून चिमट्यानं एक काळी, तेलकट गोळी ओढली. रुईच होती. कधीतरी बोळ्याचा तुकडा आत राहिला होता, मी वरून तेल ओतत गेलो अन् तो मळ धरून घट्ट बसला. उजवा कान मशिनीनं खाल्ला होता, तो परत येणार नाही म्हणाला. "रुईनं आवाज अडत नाही, मशिनीवर कानावर घालायचं जाड कव्हर वापरा. तेल, काडी बंद. नाक हळू शिंकरा, एका वेळी एकच नाकपुडी."

बाहेर आल्यावर बायको बोलली. तिचा आवाज घोगरा, फाटलेला होता.

"तुहा गळा काऊन बसला?"

"वर्षभर तुमच्याशी बोलून. अख्ख्या गल्लीले आमच्या घरचं सारं ठाऊक हाये. पोरीच्या स्थळाचं तुमाले तीनदा विचारलं. तीनही वेळा तुमी मान हलवली."

बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत बसलो. तिच्याकडं पाहायची माझी हिंमत नव्हती.

घरी मुलगी सवयीनं उजव्या बाजूला येऊन ओरडणार, तेवढ्यात मी तिला डावीकडं बसवलं. "इकून बोल. हळूच."

तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग विचारलं, "बाबा, तुमाले पसंत नव्हतं, तं हो काऊन म्हनलं? मी महिनाभर तोच इचार करून राहिली."

"मी हो म्हनलोच नाही, बाई. मले आयकूच येत नव्हतं. पोराले रविवारी बोलाव. पाहू दे."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं, मी काटा पाहतो तसं. मग तोंडावर हात धरून, ओठ लपवून, हळूच काहीतरी विचारलं.

"आलं आयकू," मी म्हणालो. "नाही, तुह्यावर राग नाही."