बाबांनी ओळखलेला आवाज

अंधेरीच्या एका स्टुडिओत मी कार्टूनचं मराठी डबिंग करायचे. एका सुपरहिरो टोळीचा पूर्ण लांबीचा सिनेमा आला, त्यात ती टोळी जपानला जाते. टोळीतल्या सगळ्यात धाकट्या, उडणाऱ्या मुलीचा आवाज माझा होता. पण मला नाटकात काम करायचं होतं, त्यामुळे या कामाची लाजच वाटायची.

भांडुपला घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, "टीव्हीवर कधी लागतलो?"

"बाबा, पोरांचं कार्टून आहे ते. तुम्ही काय बघणार?" म्हणत मी विषय संपवला.

पुढच्याच वर्षी बाबा गेले. बाराव्याला शेजारच्या काकू म्हणाल्या, "एका रविवारी ते आमच्याकडे बसले होते. नात कार्टून बघत होती. ती उडणारी मुलगी बोलायला लागली, तसे ताठ बसले. म्हणाले, 'ह्यो माझ्या चेडवाचो आवाज!' शेवटपर्यंत हलले नाहीत गं."

"मला कसं नाही सांगितलं त्यांनी?"

"मी म्हटलं, फोन करा तिला. तर म्हणाले, 'नको, लाजता ती.'"

नंतर मी तो सिनेमा एकटीनेच पूर्ण बघितला. काम चांगलं झालं होतं माझं. बाबांच्या शेजारी बसून तो बघायला मला एक दुपार सहज काढता आली असती.