बरबटीची गोणी

यवतमाळहून आलेल्या बायकोचं उल्हासनगरात मन लागेल का, याची मला धास्ती होती. तिला बरबटीचे वडे करायचे होते. मोठ्या मॉलात मी बरबटी मागितली, तर तिथली मुलगी हसली. माझी शाळा सातवीत सुटलेली; पाकिटांवरचं इंग्रजी वाचता येईना, म्हणून रिकामाच बाहेर आलो.

कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाम छोड ना भाऊ, गोणीत हात घालून दाखव."

मी चवळीत हात घातला.

"अच्छा, ही बरबटी!" त्यांनी 'चवळी'च्या पाटीवर खडूने तेही नाव लिहिलं.

पुढच्या खेपेला बायको एकटीच गेली. पाटी वाचून खुशीत परतली.

"दुकानदार आपल्याच इकडचे आहेत काय जी?"

मी हो म्हटलं.