मोहनची जीप आणि पुलाचा चढ

मोहनच्या फोनवरून फोन आला, पण आवाज मोहनचा नव्हता. कुणी रिक्षावाला होता. "अंकल, ये जीपवाले आपके कौन लगते हैं? पुल पे गिर गये हैं..." जोगेश्वरीतला तो पूल आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याइतका जवळ. मी पोचलो तेव्हा जीप अर्ध्या चढावर उभी होती, मागच्या चाकाला कुणीतरी दगड लावला होता आणि मोहनला फुटपाथवर आडवं केलं होतं. बंद पडलेली गाडी मागे घरंगळू नये म्हणून दाराला खांदा लावून, एक हात आत स्टीअरिंगवर ठेवून तो ती एकटाच कडेला घेत होता म्हणे. हॉस्पिटलात नेईपर्यंत हृदय थांबलं, सगळं संपलं. या गोष्टीला आता दीड-दोन महिने होतील, पण त्या जीपचा आवाज माझ्या कानातून जात नाही. चढाला लागली की ती आधी दोन आचके देई, मग खोकल्यासारखी धाप टाकी आणि मग एकदम शांतता... ती शांतता मला भर दुपारी घरात बसल्या जागी ऐकू येते आणि मी उठून खिडकीशी जातो.

मोहन सावंत मालवणकडचा, माझा शेजारी, आणि निवृत्तीनंतर तर दिवसभराचा सोबती. आमच्या सोसायटीत लोक निवृत्त झाले की प्राणायाम करतात, नाहीतर कमिटीवर जाऊन पार्किंगवरून भांडतात. मोहनने एक जुनीपुराणी जीप आणून भांडायला आयता विषय पुरवला. तिचं इंजिन पार गेलेलं होतं. ते स्वतःच्या हाताने नव्याने बांधायचं, बायकोला, म्हणजे शैलावहिनींना, शेजारी बसवायचं आणि गावाला जायचं, एवढाच त्याचा बेत. "अरे, सत्तरीकडे आलास, गुडघे बघ स्वतःचे," मी म्हणायचो. "गुडघे माझे आसत, चाकं गाडयेची," तो म्हणायचा. सिलिंडर कातायचं काम साकीनाक्याच्या मेकॅनिक युसुफभाईंनी केलं, बाकी सगळं मोहनने. माझं काम बॅटरी धरायची आणि शिव्या खायच्या. "उजेड इंजिनावर मार रे, माझ्या टकलावर नको!"

जोडणी संपत आली तेव्हा खंडेनवमी आली. हत्यारांची, यंत्रांची पूजा करायचा दिवस. मोहनने मागच्या भिंतीपाशी चादर अंथरून पाने, हातोडे मांडले, आणि मधोमध इंजिनाला पेट्रोल पुरवणारा नवाकोरा कार्बुरेटर. तो तेवढा बसवायचा राहिला होता. वहिनी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या. मोहन एरवी देवाधर्मापासून चार हात लांब, पण त्या दिवशी हात जोडून उभा होता. "सढळ हातान टाक गो, गावाक जावचा आसा आपल्याक," तो म्हणाला, आणि वहिनी लाजल्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतरसुद्धा त्या लाजल्या, ते बघून मला फार बरं वाटलं होतं.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आवाज असा गोड की भांडणारे शेजारीही गॅलरीत आले. सपाट रस्त्यावर जीप झकास पळायची. पण पुलाचा चढ आला की मान टाकायची. खाली उतरवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मोहनने प्लग बदलले, वायरी बदलल्या, पंप उघडला, टाकी धुतली, टायमिंग तर किती वेळा लावलं असेल. दर दुरुस्तीनंतर आम्ही पुलावर जायचो आणि हात हलवत परत यायचो. कार्बुरेटरला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. तो नवा होता, आणि मोहनचा संशय सगळा जुन्या वस्तूंवर. अखेरीस तो माझ्याशीही कमी बोलायला लागला. जेवताना ताटावर बोटाने नळ्या काढत बसायचा, असं वहिनी सांगायच्या. त्या दिवशी मला न सांगता एकटाच पुलावर गेला.

भेटायला येणारे लोक येऊन बसतात आणि काय काय बोलतात! "घरी इंजिन बांधायचा शौक जिवावर बेतला," असं एकजण चहाचा कप हातात घेऊन म्हणाला. मला त्याला जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं.  दिवसकार्य झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी भंगारात द्या. पण आधी मला एवढं सांगा, ह्यांचा हात चुकला होता का?"

मी युसुफभाईंना बोलावलं. तेही धास्तावलेलेच होते, आपल्या कामात तर खोट नव्हती ना म्हणून. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "गाडी चढाई पे मरती है ना? तो चढाई यहीं बनाते हैं." पुढची चाकं जॅकवर उचलून त्यांनी जीपचं नाक वर केलं आणि इंजिन सुरू करून रेस दिली. दोन आचके, ती धाप, आणि शांतता.  युसुफभाईंनी गाडी तशीच तिरकी ठेवून कार्बुरेटर उघडला, आत बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं.

"साब... चावल है."

पेट्रोल ओढणाऱ्या बारीक भोकाच्या तोंडाशी तांदळाचा एक दाणा बसला होता. कुंकवाचा लालसर डाग अजून पुरता गेला नव्हता. पूजेच्या आधी मोहन आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा, तपासत होता आणि कार्बुरेटरचं झाकण उघडंच राहिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. सपाटीवर दाणा कोपऱ्यात पडून राही, चढावर घरंगळून भोक बंद करी. मोहनचा हात चुकला नव्हता. पण हे सांगायचं तर वहिनींच्या हातातल्या अक्षतांचं सांगावं लागणार होतं. वंगणाचा नाहीतर गंजाचा काहीतरी बहाणा करावा असं फार मनात आलं. पण मग तो चहाचा कप हातात घेतलेला माणूस खरा ठरला असता. मी वर गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

वहिनी कितीतरी वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी बांधलं ते बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं, वहिनी."

"मग लिहा हे. तुम्ही पेपरात लिहिता ना? सगळं लिहा, माझंसुद्धा. लोकांना कळू दे." थोड्या वेळाने पदर खोचून उठल्या. "आणि मला पुलावर घेऊन चला."

युसुफभाईंनी दाणा काढून कार्बुरेटर पुन्हा बसवला होता. मी चालवायला बसलो, त्या शेजारी. चढ सुरू झाला तशी त्यांनी समोरची दांडी घट्ट धरली. तो फुटपाथ आला तेव्हा मी आचक्याची वाट बघत होतो. आचका आला नाही. जीप एका दमात चढत गेली, काही न अडखळता, पुलाच्या माथ्यापर्यंत. वहिनींनी पुढच्या पत्र्यावर हात आपटला, मग पुन्हा आपटला, मग आपटतच राहिल्या. "आता कशी चढलीस गं? आता कशी चढलीस?" मला गाडी थांबवायचं धैर्य होईना. मागून हॉर्न वाजत होते, वहिनी रडत होत्या, आणि मोहनने बांधलेलं इंजिन एकसारखं, सुरेख चालत होतं.