दुकानाचा नंबर

गेल्या वर्षीची सहा ऑगस्ट. चक्कीच्या दगडाला टाकी लावायची होती. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाड आणि गरम निघतं, मग बाया कुरकुरतात. वरचा दगड उतरवायचा, छिन्नी-हातोडी घ्यायची आणि झिजलेल्या खाचा पुन्हा पाडायच्या. शेलूबाजारला हायवेपासून थोडं आत आमची पिठाची चक्की आहे. पूर्वी टाकीसाठी कारागीर यायचा. तो थकला, तेव्हापासून मीच लावते. मुलगी शेजारी बसून भुकटी झाडत होती.

मुलीची बी.एस्सी. त्याच वर्षी झाली होती. तिला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. हा विषय पुढे शिकवणारं कॉलेज आमच्या जवळपास नाही. राज्यातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात आहे, पण ते रात्रभराच्या प्रवासावर. तिथली फी आम्हाला झेपण्यासारखी होती आणि मुलींचं वसतिगृहही होतं. खाजगीत जायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा तिच्यासाठी तेवढा एकच दरवाजा होता. त्यासाठी तिने प्रवेश परीक्षा दिली, चांगले मार्क आणले आणि आम्ही यादीची वाट पाहत होतो. फीचे पैसे माझ्या खात्यात होते. या गोष्टीत पैशांची अडचण कुठेच नाही, म्हणून ती जास्त लागते.

अर्ज भरला होता बाजारातल्या ऑनलाइनच्या दुकानात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, लाईटबिल, सगळ्यांची सगळी कामं तिथेच होतात. दुकानवाला भाई आमच्या जुन्या ओळखीचा. त्याच्या घरचं दळण माझ्याकडेच येतं. मुलगा फॉर्म भरायला आला तर भाई त्याचा मोबाईल नंबर टाकतो. मुलगी आली तर दुकानाचा. घरच्यांचा टाकावा तर ओटीपीसाठी दर वेळी त्यांना दुकानात बोलवावं लागतं, म्हणून तोही नाही. हे कोणी त्याला लिहून दिलेलं नाही, पण सगळ्यांना तसंच हवं असतं. पोरीचा नंबर कॉम्प्युटरवर गेला की तो कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही, असं आमच्याकडे लोक धरून चालतात. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीला अनोळखी फोन यायला लागले होते. पाहुण्यांच्या कानावर गेलं आणि जमलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून माझ्या नवऱ्याने घरात सांगून ठेवलं होतं की पोरीचा नंबर नको आणि नंबर नको म्हणून सिमही नको. तिच्याकडे जुना फोन होता. संध्याकाळी बाप घरी आला की त्याच्या फोनवरून नेट घेऊन ती अभ्यास करायची.

भाईने कधी हलगर्जी केली नव्हती. परीक्षेचं हॉल तिकीट आलं तेव्हा तो स्वतः गाडीवरून चक्कीवर आला होता. अर्ध्या बाजारातल्या मुलींचे निकाल, दाखले, स्कॉलरशिपचे मेसेज त्याच्या एका फोनवर यायचे आणि तो ते घरोघरी पोचवायचा. त्यावर लोक त्याची थट्टाही करायचे. एकदा दळण घ्यायला आला तेव्हा मीच म्हटलं होतं, "भाई, गावातल्या सगळ्या पोरीयचे बाप तुमीच झाले." तो म्हणाला, "भाभी, बापाले तर फीस मिळत नाही, मले वीस रुपये भेटतात."

तर सहा ऑगस्टला दुपारी माझ्या साध्या फोनवर मुलीच्या मैत्रिणीचा फोन आला. ती कामरगावची, कॉलेजात बरोबर होती. तिने विचारलं, फी भरली का? मुलीला काही कळेना. मैत्रिणीचं म्हणणं असं की पहिली यादी लागली आहे, तिचं स्वतःचं नाव त्यात नाही, पण हिचे मार्क तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त, म्हणजे हिचं असणारच. मेसेज परवाच आले. ज्यांना जागा मिळाली त्यांनी आज पाचच्या आत लॉगिन करून स्वीकार करायचा आणि फी भरायची. नाही भरली तर जागा पुढच्याला जाते आणि आपलं नाव कोणत्याच यादीत येत नाही.

मी छिन्नी खाली ठेवली. हातही न धुता आम्ही बाजारात गेलो.

दुकानाचं शटर बंद. शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं की भाईच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, परवा पहाटेच अकोल्याला दवाखान्यात नेलं. भाईचा फोन लावला तर बंद. टायरवाल्याच्या फोनवरून विद्यापीठाची साइट उघडली. यादी प्रत्येकाला लॉगिन केल्यावरच दिसणार होती. मुलीने पासवर्ड टाकला. तो तिला पाठ होता. मग स्क्रीनवर आलं की तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. तो नंबर अकोल्यात होता आणि बंद होता. विद्यापीठाच्या मदतीच्या नंबरवर नुसती धून वाजत राहिली.

मी नवऱ्याला फोन केला. तो शेतात होता. त्याला सगळं सांगितलं, तर म्हणाला, "उद्या भरता येत नाही का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "जा मग. काय थांबून राह्यली?"

अकोल्याची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. मी रिकाम्या जागांचे पैसे देते म्हटल्यावर ड्रायव्हर निघाला. मुलगी खिडकीशी बसली होती. तिच्या पंजाबी ड्रेसवर दगडाची पांढरी भुकटी तशीच होती. वाटेत ती एवढंच म्हणाली, "आई, नाव नसलं तर बरं होईल."

दवाखाना सापडायला वेळ लागला. टायरवाल्याने नाव सांगितलं होतं, पण त्या नावाचे दोन निघाले. आधी चुकीच्या ठिकाणी गेलो. बरोबर ठिकाणी पोचलो तेव्हा जिन्याखाली भाईच्या घरच्या बायका जमिनीवर बसलेल्या दिसल्या. त्यांच्याकडे पाहूनच कळलं. म्हातारा नुकताच गेला होता. वर वॉर्डाबाहेर भाई भिंतीला टेकून उभा होता आणि कोणीतरी त्याला कागदावर सही कुठे करायची ते दाखवत होतं.

मुलीने माझा दंड धरला. "आई, नको मागू."

मी मागितला. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. त्याची सही होईपर्यंत थांबले, जवळ गेले आणि म्हटलं, "भाई, वाईट झालं. मले तुमचा फोन पाहिजे. पोरीचा मेसेज आहे त्यात." त्याने माझ्याकडे पाहिलं. खिशातून फोन काढून दिला. दोन दिवसांत तो चार्जच केलेला नव्हता.

खाली औषधाच्या दुकानात चार्जर मिळाला. काउंटरच्या कडेला फोन लावला. इतका उतरलेला फोन लगेच सुरू होत नाही, नुसतं बॅटरीचं चित्र दिसत राहतं. मुलगी त्या चित्राकडे आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. माझ्या पिशवीत एटीएम कार्ड होतं. बँकेचा ओटीपी माझ्याच फोनवर येणार होता. सगळं तयार होतं.

फोन सुरू झाला तेव्हा पाच वाजून गेले होते. मेसेज एकामागून एक पडायला लागले. त्यात तिचाही होता. विद्यापीठाचं नाव, तिचं नाव, विषय, जागा मिळाल्याबद्दल अभिनंदन, मुदत. तिने तरीही लॉगिन केलं. या वेळी ओटीपी लगेच आला. आत स्वीकारचं बटण होतं, पण करडं पडलेलं. खाली लिहिलं होतं की मुदत संपली आहे, उमेदवार प्रवेशप्रक्रियेतून बाद झाला आहे. तिने ते बटण दोन-तीनदा दाबलं. मीही दाबून पाहिलं.

ती रडली नाही. तिने बाकीचे मेसेज वाचायला घेतले. सगळे मुलींचेच होते. केनवडच्या एका मुलीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा होता आणि तिची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. भाईच्या फोनमध्ये तिच्या बापाचा नंबर सापडला. मुलीने तिथूनच त्यांना फोन केला, काय आलं आहे आणि काय करायचं ते नीट समजावलं. पलीकडचा माणूस तिला पुन्हा पुन्हा विचारत होता की बाई, तू कोण? ती म्हणाली, "मी दुकानातूनच बोलून राह्यली."

फोन परत द्यायला वर गेलो. मयत खाली न्यायची तयारी चालली होती. भाईने फोन खिशात टाकला आणि तेवढ्यातही मुलीला विचारलं, "झालं का बेटा काम?"

"झालं, चाचा," ती म्हणाली.

परतीची शेवटची बस मिळाली. घरी नवरा ओट्यावर बसला होता. आमचे चेहरे पाहून तो काय ते समजला. जेवणं झाल्यावर म्हणाला की वाशीमच्या कॉलेजात दुसऱ्या एखाद्या विषयाला जागा असतील, किंवा पुढच्या वर्षी पाहू. मुलगी आत गेली. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिचा नंबर दिला असता, तर?"

"तर आज फी भरली असती," मी म्हटलं. "उद्या सिम घेते तिच्या नावानं."

"लोक काय म्हणतीन?"

"जे म्हणतीन ते तिच्या फोनवर म्हणतीन. ती उचलीन नाही तर कट करीन."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसं उघडल्याबरोबर मी विद्यापीठाला फोन लावला. बऱ्याच वेळाने एका बाईने उचलला. ती तुटक नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, अर्जाचा नंबर विचारला आणि सांगितलं की जागा रात्रीच पुढच्या उमेदवाराला गेली. दुकान, मयत, दुसऱ्याचा फोन, हे लिहायला त्यांच्याकडे रकाना नाही. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. मी बरं म्हटलं.

मग मुलीला घेऊन सिमच्या दुकानात गेले. तिने आधार दिलं, यंत्रावर अंगठा ठेवला. आदल्या दिवशीची भुकटी तिच्या नखांत होती. यंत्राने दोनदा ठसा घेतला नाही, तिने ओढणीला अंगठा पुसला, मग घेतला. नंबर तिने माझ्या फोनमध्ये स्वतः टाकून दिला.

घरी येऊन उरलेली टाकी पुरी केली आणि दोघींनी दगड चढवला. टाकी लावल्यावरच्या पहिल्या पिठात दगडाच्या बारीक कणांची खर येते, ते माणसांना देत नाहीत. मी पायलीभर जुनी ज्वारी ओतली, दळली आणि ते पीठ गोठ्यात नेऊन टाकलं. मग चक्कीचं दार उघडलं. बाहेर दोन बाया डबे घेऊन थांबल्या होत्या.