स्तब्धतेत वाजलेला हॉर्न

देव माझं ऐकतो का, अशी शंका त्या दिवशी मला होती. अर्थात मी त्याला बोलायला उसंतच देत नव्हतो, हेही खरं. बोईसरच्या दवाखान्यात बायकोचं ऑपरेशन रक्तावाचून अडलं होतं. ओ निगेटिव्हची एक पिशवी संध्याकाळपर्यंत हवी होती. निघताना मी केळव्याच्या शितळादेवीला साडी, गावाकडच्या खंडोबाला भंडारा आणि वाटेतल्या मारुतीला नारळ बोललो. एकाने नाही म्हटलं तर दुसरा असावा. पालघरच्या रक्तपेढीत मात्र उत्तर मिळालं, "या गटाचं शिल्लक नाही. रक्तदाता घेऊन या."

स्कूटर परत वळवली, तर चौकात माणसंच माणसं. दुकानं बंद, कुणी हलेना. वाहतूक तुंबली असं समजून मी हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. एकही मान वळेना, म्हणून पुन्हा, लांबलचक. मग कुठे समोरचा हुतात्मा स्तंभ दिसला आणि आठवलं, आज चौदा ऑगस्ट. बेचाळीसच्या मोर्चात इथे गोळ्या झेललेल्यांसाठी अख्खं गाव स्तब्ध उभं होतं, आणि सोळा वर्षं बोईसरजवळच्या सरावलीत राहिलेला मी तिथे पों पों करत होतो. अंगठा उचलला. स्कूटर बंद केली. त्या शांततेत मागण्यासारखं काही सुचेचना. नुसता उभा राहिलो आणि रडू लागलो.

स्तब्धता संपली. आता मार बसणार, असं वाटलं. पुढची एक म्हातारी मागे वळली. "वाजवून झालं का रं, भाऊ? आता सांग, कोनाला काय झालंय?"

सांगितलं. तिने तिथूनच गर्दीत हाक दिली. टोपीवाले एक काका पुढे आले. "माजं तेच हाय. आजा त्या मोर्च्यात व्हता. दरसाल आजच्याच दिवशी देतो, आतापन तिकडंच निघालो व्हतो." मागे बसता बसता म्हणाले, "रडं पूस आदी. मला पाडलंस तर दोगांना रक्त लागंल."

वाटेत गाव विचारलं. "केळवं," म्हणाले. शितळादेवीच्याच गावचे! मी स्कूटर आणखी जपून चालवू लागलो.

संध्याकाळी रक्त चढलं, ऑपरेशन झालं. बायको बरी झाल्यावर देवीला साडी नेसवायला आम्ही दोघं गेलो. बायको सगळं ऐकून म्हणाली, "देवीलाही हॉर्नच वाजवत असाल तुम्ही."

दर चौदा ऑगस्टला आता स्कूटर लांबच लावून चालत जातो, आणि काही न मागता उभा राहतो.