विल्फ हॅस्लमचं राहिलेलं मैदान

विल्फ हॅस्लम माझा शेजारी. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच, त्यामुळे शनिवारी सकाळी तो बुटांना पॉलिश करायला बसला की ब्रशचा आवाज मला इकडे ऐकू येतो. एवढं पॉलिश कशासाठी? तर कुठल्यातरी डोंगरातल्या खेड्यात चिखलात उभं राहून, गल्लीबाहेर ज्यांना कुत्रं विचारत नाही अशा बावीस जणांचा फुटबॉल बघण्यासाठी. टीव्हीवरचा फुटबॉल त्याला चालत नाही. "ते सगळे नट आहेत," म्हणतो. त्याला हवा तो प्लंबर, मास्तर आणि पोस्टमन यांचा फुटबॉल. तिथे कठड्यावर रेलून उभं राहता येतं, आणि गोलकीपरला त्याच्या सासूवरून चिडवलं तर तो खेळ सोडून वळून उत्तर देतो.

त्याची बायको एनिड याबद्दल कधी कुरकुरली नाही. "शनिवारी हा घरात नसतो म्हणून तर आमचा संसार टिकला," असं ती कुणालाही सांगते, त्याच्यादेखत सांगते.

विल्फने आयुष्यभर घरोघरी गॅसचे बंब दुरुस्त केले, पण गाडी चालवायला काही शिकला नाही. बसने हिंडायचा. मग डोंगराकडच्या बसेस एकेक करून बंद झाल्या, आणि एके दिवशी एनिड माझ्या दारात उभी राहिली. "सिस्टर, याला शनिवारचा घेऊन जात जा ना कुठेतरी. घरात नुसता येरझाऱ्या घालतो, माझं डोकं उठतं." मी हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीत मी सिस्टरच. माहेर माझं कोल्हापूरचं, दोन्ही भाऊ तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले, मैदानावरून डोकी फुटलेली मी लहानपणीच पाहिली होती. म्हटलं, चला, हेही बघू.

बघितलं ते वेगळंच होतं. विल्फला मॅचपेक्षा मैदानाची ओढ. या भागातल्या लीगमधलं प्रत्येक मैदान त्याला एकदा तरी "करायचं" होतं. असे वेडे इथे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे नियम ज्याचे त्याचे. विल्फचे नियम असे: पहिल्या शिट्टीच्या आधी पोहोचायचं, शेवटच्या शिट्टीपर्यंत हलायचं नाही, आणि मॅचमध्ये एक तरी गोल झाला पाहिजे. गोल नाही तर मैदान झालं नाही. पुन्हा यायचं.

"अरे, पण तू आलास, उभा राहिलास, भिजलास. मैदान काय पळून गेलं होतं का?" मी एकदा विचारलं.

"सिस्टर, लग्नाला गेलीस, जेवलीस, आणि नवरा-नवरीने हार घातलेच नाहीत, तर त्याला लग्न म्हणशील?"

"जेवण चांगलं असलं तर म्हणेन."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणाला आणि दिवसभर गाल फुगवून बसला.

असं करत करत सगळी मैदानं झाली. राहिलं एकच, ब्रॅकनशॉ गावचं डेल्फ लेन. जुन्या दगडखाणीच्या कुशीतलं, एका बाजूला इतकं उतरतं की चेंडू बाहेर गेला की सरळ ओढ्यात. पहिल्यांदा गेलो तर असं धुकं की मॅचच रद्द. दुसऱ्यांदा मैदानात पाणी. तिसऱ्यांदा मॅच झाली, पण दोन्हीकडून गोल शून्य. आणि त्याच हिवाळ्यात बातमी आली की डेल्फ लेनची जागा विकली गेली. तिथे घरं होणार, क्लब पुढच्या हंगामापासून शेजारच्या गावाच्या मैदानात पाहुणा म्हणून खेळणार. उरली होती मे महिन्यातली एकच मॅच, ऑसेंडन गावाविरुद्ध.

त्या शनिवारी ब्रशचा आवाज पहाटेच सुरू झाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा अख्खं ब्रॅकनशॉ लोटलं होतं. चहाच्या टपरीत हिल्डा पिकप नावाची आजीबाई मटार आणि ग्रेव्हीचे वाडगे भरत होती. तिचा नातू जोएल पिकप हा त्यांचा पुढच्या फळीतला खेळाडू, छपरं शाकारण्याचं काम करणारा दांडगा तरुण. "आज माझा जोएल गोल करणार," हिल्डा प्रत्येक वाडग्याबरोबर सांगत होती. "त्याच्या आजोबांनी या मैदानात गोल केला, बापाने केला, आणि शेवटचा जोएल करणार."

"कुणीही करा बाई, पण करा," विल्फ म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

ऑसेंडनला मात्र गोल नको होता. त्यांची मॅच बरोबरीत सुटली की ते लीगमध्ये टिकणार, हरले तर खाली घसरणार. त्यामुळे त्यांचे सगळेच्या सगळे आपल्या गोलसमोर भिंतीसारखे उभे. अर्धा खेळ संपला, गोल नाही. दुसरा अर्धा सुरू झाला, गोल नाही. विल्फने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मला त्याची दया येऊ लागली होती. दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी मटार खात राहिले.

आणि तेवढ्यात आमच्या बाजूचा लाइनमन, म्हणजे रेषेवरून निशाण दाखवणारा पंच, धावता धावता "आई गं" करून खाली बसला. सवयीने मी कठड्याखालून वाकून आत गेले. पोटरी दाबून पाहिली. स्नायू फाटला होता. "हा आज चालत घरी गेला तरी पुष्कळ," मी रेफरीला सांगितलं. रेफरी म्हणजे एक तरुण मुलगी, शाळेत शिकवते म्हणे, पण आवाज असा की दोन्ही संघ टरकून होते.

आता त्याच्या जागी कोण? ब्रॅकनशॉवाले म्हणाले, आमचा माणूस घ्या. ऑसेंडनवाले म्हणाले, तुमचा माणूस म्हणजे बाराव्या खेळाडूच्या हातात निशाण. मग ते म्हणाले आमचा घ्या. त्यावर जो गोंधळ झाला तो ऐकून मला कोल्हापूरची आठवण झाली. शेवटी ती मुलगी ओरडली, "ज्याचा या दोन्ही गावांशी संबंध नाही आणि ज्याला नियम कळतात असा कुणी आहे का? नसेल तर मी मॅच इथेच सोडून देते!"

सोडलेली मॅच विल्फच्या नियमात बसत नाही, हे मला माहीत होतं. डेल्फ लेनवर दुसरी मॅच होणार नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मी वळून पाहिलं, तर विल्फचा हात वर गेला होता. तरुणपणी त्याने रविवार सकाळच्या मॅचेसना रेफरीचं काम केलं होतं, परीक्षा देऊन.

"आजोबा, धावाल ना?" तिने विचारलं.

"धावेन की. ओढ्यात नाही गेलो म्हणजे झालं."

ओव्हरकोट, टोपी, पॉलिश केलेले बूट आणि हातात पिवळं निशाण. असा लाइनमन त्या लीगने पाहिला नसेल. लोकांना तर सुगीच आली.

"अहो टोपीवाले, पळू नका, बस गेली!"

"काका, ते निशाण आहे, काठी नाही! टेकू नका!"

"एवढ्या उन्हाळ्यात ओव्हरकोट घातलाय, खिशात निकाल लपवलाय काय?"

विल्फ कुणाकडे बघत नव्हता. बाजूच्या रेषेवरून लगबगीने पुढे, लगबगीने मागे. तोंड लालबुंद. दोनदा त्याने निशाण दाखवलं आणि दोन्हीदा बरोबर दाखवलं, असं ऑसेंडनवालेही म्हणाले. मला उगाचच अभिमान वाटला, जणू मीच त्याला शिकवून पाठवलं होतं.

मॅच संपत आली. ब्रॅकनशॉच्या कुणीतरी मागून लांब चेंडू मारला. जोएल पिकप भिंतीतून निसटला, उतारावरून सुसाट गेला, आणि गोलकीपर पुढे येतोय तोवर त्याने चेंडू जाळ्यात घातला. काय तो आवाज! हिल्डा हातात पळी घेऊन टपरीबाहेर आली. लोक कठड्यावरून उड्या मारून आत घुसले. मी स्वतः एका अनोळखी माणसाला मिठी मारली.

विल्फ माझ्यापासून फार लांब नव्हता. त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसला. क्षणभर त्यावर असा आनंद होता की मी तसा त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग तो मावळला. आणि निशाण वर गेलं.

ऑफसाइड. म्हणजे चेंडू मारला तेव्हा जोएल शेवटच्या बचाव करणाऱ्याच्या पुढे होता, गोल धरायचा नाही. रेफरीने धावत येऊन विचारलं, "नक्की?" विल्फने मान हलवली. गोल रद्द.

"मुडद्या, डोळे फुटले का तुझे!" हिल्डा ओरडली. बाकीच्यांनी काय म्हटलं ते मी लिहीत नाही. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली. शून्य, शून्य. ऑसेंडनचे लोक विल्फची पाठ थोपटायला धावले, तर हा त्यांचे हात झटकून निशाण रेफरीच्या हाती देऊन तडक गाडीकडे निघाला.

मी गाडी सुरू केली. डोंगर उतरताना मला राहवेना. "विल्फ, तुझी मला कमाल वाटते," मी म्हटलं. "गोल दिला असतास तर मैदान झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. आता ते जन्मात होणार नाही, आणि तरी तू निशाण वर केलंस. शाब्बास रे."

तो खिडकीबाहेर बघत होता. "शाब्बास म्हणू नकोस."

"का?"

"मला दिसलं नाही, सिस्टर."

"म्हणजे?"

"म्हणजे तो पुढे होता की बरोबरीत, ते मला कळलंच नाही. इतकं थोडक्यात होतं. रेफरीच्या परीक्षेत पहिलं काय शिकवतात ठाऊक आहे? शंका असेल तर निशाण खाली. मी खालीच ठेवणार होतो. पण मला तो गोल इतका हवा होता, इतका हवा होता, की माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. वाटलं, तुला हवाय म्हणून तुला तो बरोबरीत दिसतोय. आणि हात वर गेला." तो खिडकीकडून माझ्याकडे वळला. "स्वतःला सज्जन ठरवायला मी त्या पोराचा गोल खाल्ला."

मी गाडीचा वेग कमी केला. विल्फ म्हणाला, "गाडी वळव."

"मारतील तुला."

"मारू देत. वळव."

क्लबच्या खोलीत सगळे पीत बसले होते. विल्फ दारातून आत गेला आणि एकेक टेबल गप्प होत गेलं. त्याने टोपी काढली. जोएल पिकप आजीशेजारी बसला होता, त्याच्यासमोर जाऊन विल्फ म्हणाला, "पोरा, मला दिसलं नव्हतं. माझी खात्री नव्हती आणि तरी मी निशाण दाखवलं. गोल तुझा असेल. मी चुकलो. हे सांगायला परत आलो."

हिल्डा उठायला लागली. तिच्या हातात ग्लास होता आणि तो ती फेकणार याबद्दल मला तरी शंका नव्हती. जोएलने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"काका, मी पुढे होतो," तो म्हणाला.

"काय?"

"चांगला हातभर पुढे होतो. मला पळतानाच कळलं होतं. तुमचं बरोबर होतं."

"खरं सांगतोस?"

"आजीची शपथ."

खोलीत कुणीतरी हसलं, कुणीतरी "बसा हो टोपीवाले" म्हणालं, कुणीतरी ग्लास पुढे केला. विल्फ थोडं प्यायला, जोएलच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही निघालो. निघताना मी मागे पाहिलं. जोएलचे कान लाल झाले होते, आणि हिल्डा त्याच्याकडे बघत होती. खोट्या शपथेबद्दल ती रागावलेली दिसत नव्हती. तिने त्याच्या केसांतून एकदा हात फिरवला.

आम्ही खाली खोऱ्यात पोहोचलो.

"सिस्टर, तो खोटं बोलला."

"हो."

"तुला कळलं?"

"सगळ्या खोलीला कळलं, विल्फ."

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्याचे खांदे हलू लागले. एनिडच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा हा माणूस माझ्यासमोर रडला नव्हता. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्याचं होईपर्यंत थांबले.